तो ‘क्रॉनिक’ शब्द मीच टाइप केला होता: आरोग्य विम्याच्या अंडररायटिंगवाल्यांना खुलं पत्र

आरोग्य विमा कंपन्यांमध्ये जी मंडळी अर्ज वाचून ठरवतात की या माणसाला पॉलिसी द्यायची का, आणि द्यायची तर कुठल्या अटीवर, त्या सगळ्या अंडररायटर मंडळींना नमस्कार.

मी डॉक्टर नाही, वकील नाही, विमा एजंट तर अजिबात नाही. मी एका दवाखान्यात काउंटरला बसते. पेशंटची नोंद करायची, फाइल काढायची, डॉक्टर जे म्हणतील ते कॉम्प्युटरात टाकायचं, बिल काढायचं, फोन घ्यायचे आणि दिवसभर बोलून बोलून स्वतःचाच घसा बसवून घ्यायचा, असं माझं काम. म्हणजे तुम्ही ज्या नोंदी वाचून माणसाची रिस्क ठरवता ना, त्या नोंदी कशा जन्माला येतात ते मी रोज बघते, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या माझ्याच बोटांनी जन्माला येतात. म्हणून हे पत्र.

झालं असं की मी स्वतः विम्याला अर्ज केला. फॉर्मवर प्रश्न होता की गेल्या ५ वर्षांत तुम्ही कुठल्याही आजारासाठी, तक्रारीसाठी किंवा त्रासासाठी डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे का. आता मी दवाखान्यातच बसते, मला सल्ला चहासारखा येताजाता मिळतो, पण म्हटलं लपवाछपवी नको, नंतर क्लेमच्या वेळी कुणी बोट ठेवायला नको, म्हणून माझ्या सगळ्या नोंदी काढल्या. त्यात घशाच्या तीन निघाल्या. एकदा सर्दीबरोबर घसा धरला होता. एकदा आवाज पार गेला होता, दोन दिवस माझे फोन दुसरीने घेतले. आणि तिसऱ्या वेळी नेमकं काय झालेलं ते मला आठवतसुद्धा नाही, पण नोंद आहे आणि नोंदीपुढे आयसीडी कोड आहे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला नंबर, जे३१.२. क्रॉनिक फॅरिन्जायटिस. म्हणजे घशाची जुनाट सूज.

मी तिन्ही लिहिल्या, कागद जोडले. महिनाभराने पत्र आलं की पॉलिसी मंजूर, पण घसा, टॉन्सिल, स्वरयंत्र आणि वरच्या श्वसनमार्गाचे सर्व आजार कायमस्वरूपी वगळण्यात येत आहेत, खाली सही करा. विमा सल्लागार म्हणाला, अहो करून टाका सही, घसाच तर आहे.

मी सही केली नाही, आधी त्या तिसऱ्या नोंदीची तारीख उघडली आणि कुणी टाइप केलंय ते बघितलं. तर युजर आयडी माझाच.

आता हे कसं होतं ते तुम्हाला सांगते, कारण मला वाटतं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दवाखान्याचं सॉफ्टवेअर कधी उघडलेलं नसणार. डॉक्टर पेशंटला तपासतात, टॉर्च मारून आत बघतात आणि माझ्याकडे वळून म्हणतात “घसा लाल आहे, बाकी काही नाही”. मी सर्चमध्ये फॅरिन्जायटिस टाकते, यादी उघडते, त्यात अक्यूट आहे, स्ट्रेप्टोकॉकल आहे, क्रॉनिक आहे, आणि बाहेर अकरा माणसं बसलेली असतात नि फोन वाजत असतो. कोड टाकल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. मग कर्सर जिथे पडला तिथे पडला. बरं, एकदा पडला की तो तिथेच राहतो, कारण पुढच्या वेळी तोच पेशंट आला की मागच्या व्हिजिटची नोंद कॉपी करायचं बटण असतं, ते सगळेच दाबतात, आणि असं करत करत एका चुकीच्या क्लिकची तीन वर्षांची हिस्ट्री तयार होते. साध्या “घसा दुखतोय” या तक्रारीलासुद्धा स्वतंत्र कोड आहे बरं का, आर०७.०, त्यात कुठल्याच आजाराचं नाव नाही, नुसती तक्रार. तो मी इतक्या वर्षांत क्वचितच कुणाला वापरताना बघितलाय.

आणि या आयसीडीचं मूळ कशात आहे माहितीये? १८९३ साली माणसं कशाने मरतात याची आकडेवारी नीट ठेवता यावी म्हणून यादी केली होती, बर्टियाँची यादी म्हणतात तिला, तिथून हे वाढत वाढत आलं. आकडेवारीसाठी उत्तमच आहे. नंतर बिलासाठी वापरलं, तेही ठीक, पैसे कुणी कुणाला द्यायचे एवढाच प्रश्न असतो. पण एका माणसाने पुढची तीस वर्षं कशाकशासाठी स्वतःच्या खिशातून भरायचं हे त्या कोडवरून ठरवणं म्हणजे किराणा यादीवरून माणसाचा स्वभाव सांगण्यातला प्रकार झाला.

बरं, घसा दुखणं म्हणजे मुळात काय? तुम्हाला हे शिकवायची गरज नसावी, तुमच्याकडे डॉक्टर असतात. तरी सांगते, कारण फॉर्मवरून तसं वाटत नाही. घसा दुखणं हा आजार नाही, ती तक्रार आहे, दार वाजल्यासारखं, बाहेर कोण उभं आहे ते दार उघडल्याशिवाय कळत नाही. बहुतेक वेळा व्हायरस असतो आणि आठवडाभरात औषध न घेताच जातो. मोठ्या माणसाला वर्षात दोन-तीनदा सर्दी होणं हे अगदी नेहमीचं. जिवाणूवाला घसा, म्हणजे ज्याला स्ट्रेप थ्रोट म्हणतात, तो मोठ्यांमध्ये साधारण १० टक्के वेळा आणि मुलांमध्ये २० ते ३० टक्के वेळा सापडतो. तो ओळखायला डॉक्टर लोक १९८१ पासून सेंटॉर स्कोअर वापरतात: ताप आहे का, खोकला नाही ना, टॉन्सिलवर पांढरं आलंय का, मानेच्या पुढच्या गाठी सुजून दुखतात का. चार प्रश्न. चार प्रश्नांत डॉक्टर ठरवतो की टेस्ट करायची की घरी पाठवायचं, आणि तुमच्या फॉर्मवर पस्तीस प्रश्न असून त्यातला एकही घशाबद्दल कामाचा नाही.

अजून एक. अँटिबायोटिकची चिठ्ठी दिसली की तुम्ही धरून चालता की प्रकरण गंभीर असणार, असं मला त्या सल्लागारानेच सांगितलं. तर अमेरिकेत या विषयावर एक अभ्यास झालाय, २०१० पर्यंतच्या आकड्यांचा, त्यात घसा दुखतो म्हणून आलेल्या मोठ्या माणसांपैकी जवळपास ६० टक्क्यांना अँटिबायोटिक लिहून दिलेलं निघालं, आणि खरी गरज असते ती त्या वर सांगितलेल्या १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चिठ्ठीवरून आजार किती मोठा ते कळत नाही, पेशंट किती हटून बसला होता ते कळतं. “डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या” हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकते ते विचारू नका. आणि काही जण तर घशासाठी येतच नाहीत, सुट्टीचं सर्टिफिकेट हवं असतं, काहीतरी सांगावं लागतं म्हणून घसा सांगतात, कारण ताप मोजता येतो पण घशाचं दुखणं मोजता येत नाही. तीही नोंद तुमच्याकडे येते आणि तिच्याही समोर कोड असतो.

आता तुमची बाजू. मला ती कळत नाही असं नाही, आणि एकतर्फी बोलणं मला आवडत नाही. घशाच्या मागे खरंच काहीतरी असू शकतं आणि ते मीही बघितलंय. ज्याला वर्षाला सात-आठ वेळा टॉन्सिल होतो त्याचं ऑपरेशन जवळ आलंय हे उघड आहे, डॉक्टरांचा सुद्धा हिशोबच आहे ना, एका वर्षात ७, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३, असे नीट नोंदवलेले अटॅक झाले की मग टॉन्सिल काढायचा विचार करतात. असा माणूस ऑपरेशनची तारीख खिशात ठेवून पॉलिसी घ्यायला आला तर बाकीच्यांच्या हप्त्यातून त्याचा खर्च जाणार, हे मला मान्य. ज्याचा घसा सकाळी उठल्यावर जळतो त्याला अ‍ॅसिडिटी वर येण्याचा त्रास असू शकतो, म्हणजे दुखणं घशात पण बिघाड पोटात. जो तोंड उघडं टाकून घोरतो आणि कोरड्या घशाने उठतो त्याची झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करावी असं कुणालाही वाटेल. सिगारेट ओढणारा माणूस, वय पंचेचाळीसच्या पुढे, आवाज बसलाय आणि सुटतच नाही, कारण सापडत नाही, तर ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत सुद्धा अशा माणसाला स्वरयंत्राच्या कॅन्सरच्या शंकेने तपासायला पाठवा असंच सांगितलंय. तुम्ही इथे थांबलात, रिपोर्ट येईपर्यंत अर्ज पुढे ढकललात तर मी एक शब्द बोलणार नाही. आणि लहानपणी स्ट्रेप होऊन त्यातून संधिवाताचा ताप आला आणि हृदयाच्या झडपेला इजा झाली असेल तर तिथे तुम्ही हृदयाचंच बघणार, बघायलाच पाहिजे.

पण यातली एकही गोष्ट “तक्रारीसाठी सल्ला घेतला का” या प्रश्नातून कळत नाही हो! किती वेळा झालं, किती दिवस टिकलं, कारण सापडलं का, आता बरं आहे का, पुढची काही तपासणी किंवा ऑपरेशन सांगितलंय का. एवढं विचारलं असतंत तर माझं उत्तर तीन ओळींचं होतं आणि तुमचा निर्णय पाच मिनिटांचा. त्याऐवजी तुम्ही जाळं टाकलंत इतकं मोठं की सगळंच आलं, आणि मग त्यातलं काय मासा आणि काय शेवाळ ते बघायला वेळ नाही म्हणून अख्खा समुद्रच वगळून टाकलात.

कारण माझं खरं भांडण त्या एक्सक्लुजनच्या, म्हणजे वगळण्याच्या अटीच्या, शब्दांशी आहे. लोडिंग लावलं असतंत, थोडा जास्त हप्ता, तरी मी कुरकुर करत भरला असता. टॉन्सिलच्या ऑपरेशनला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड, म्हणजे तोवर क्लेम नाही, असं म्हणाला असतात, चालला असता, माझे टॉन्सिल शांत आहेत. पण “घसा, टॉन्सिल, स्वरयंत्र आणि वरच्या श्वसनमार्गाचे सर्व आजार, कायमस्वरूपी” म्हणजे काय ते सही करणाऱ्याला वाटतं खोकल्याचं औषध. त्यात घशाचा कॅन्सर येतो. स्वरयंत्राचा येतो. टॉन्सिलच्या बाजूला पू होऊन श्वास अडायला लागला आणि रात्रीत अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर ते येतं. सायनसचं ऑपरेशन येतं, कारण वरचा श्वसनमार्ग नाकापासून सुरू होतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी माणूस विमा घेतो, महागडी, कधीतरीच होणारी, घर विकायला लावणारी, तीच नेमकी बाहेर. आणि जे स्वस्त आहे, घसा दुखला, गोळी घेतली, त्यासाठी तर तसाही कुणी क्लेम करत नाही. तुम्ही आजार वगळला नाहीत, अवयव वगळलात. तेही एका क्लिकवरून. माझ्या क्लिकवरून, मान्य आहे, पण तुम्हीही एकदा फोन करून विचारलं नाहीत की बाई, हे क्रॉनिक म्हणजे नक्की किती दिवसांचं.

तुमच्या धंद्यात एक जुनी केस आहे, तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवत असणारच, कार्टर विरुद्ध बोहम, १७६६. मला ती माझ्या एका वकील मैत्रिणीने सांगितली. सुमात्रा बेटावर इंग्रजांचा एक किल्ला होता, त्याच्या गव्हर्नरने किल्ला शत्रूच्या हाती जाईल म्हणून विमा उतरवला, फ्रेंचांनी हल्ला केला, किल्ला गेला. विमा देणारा म्हणाला, किल्ला दुबळा आहे हे मला सांगितलं नव्हतं, पैसे देणार नाही. विम्यात दोन्ही बाजूंनी पूर्ण खरेपणा पाहिजे हे तत्त्व न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डने या निकालात मांडलं आणि तेव्हापासून तुम्ही ते आमच्या डोक्यावर आपटत आलात. पण निकाल कुणाच्या बाजूने लागला? गव्हर्नरच्या! मॅन्सफिल्ड म्हणाला की विमा देणाऱ्याला जे माहीत आहे किंवा माहीत असायलाच हवं ते त्याला वेगळं सांगायची गरज नाही. आता माणसाचा घसा वर्षातून एक-दोनदा दुखतो, हे विमा कंपनीला माहीत असायलाच हवं की नको?

बाकी देशादेशांत यावर बरंच काही होऊन गेलंय. ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्याने, जो २०१३ मध्ये लागू झाला, सामान्य ग्राहकाने स्वतःहून सगळं आठवून सांगायची जबाबदारी काढून टाकली, विचारलेल्या प्रश्नांना काळजीपूर्वक खरं उत्तर द्यायचं, बस. जर्मनीत २००८ पासून कंपनीने लेखी विचारलं असेल तेवढंच सांगायचं. अमेरिकेत २०१४ पासून सर्वसमावेशक आरोग्य विम्यात आधीचा आजार बघून नकार देणंच बंद झालं. नेदरलँड्समध्ये २००६ पासून मूळ विमा सगळ्यांना द्यावाच लागतो. भारतात २०२४ पासून आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ वर आला, आणि पॉलिसी सलग ५ वर्षं चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय “तुम्ही हे सांगितलं नव्हतं” म्हणून क्लेम नाकारता येत नाही, आधी ही मुदत ८ वर्षांची होती. म्हणजे नियम बदलता येतात, आणि बदलले म्हणून विम्याचा धंदा काही बुडाला नाही. पण यातले कायदे जिथे प्रश्न विचारायचा हक्क तुमच्याकडे ठेवतात तिथे प्रश्न कसा विचारायचा हे तुमच्याच हातात आहे, त्यासाठी संसदेत जायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मला झोप लागू देत नाही. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या मुलाला घेऊन, मुलाला ताप, घसा लालभडक, टॉन्सिलवर पांढरं, खोकला नाही. डॉक्टर म्हणाले टेस्ट करू. बाई म्हणाल्या, टेस्ट करा पण नोंद करू नका, आम्ही पुढच्या महिन्यात विम्याचा अर्ज करतोय. डॉक्टरांनी समजावलं, नोंद केली, औषध दिलं, मुलगा बरा झाला. पण त्या बोलल्या तरी, म्हणून कळलं. ज्या बोलत नाहीत त्या येतच नाहीत. आणि मुलाचा स्ट्रेप तसाच सोडला तर दोन-चार आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊ शकतो, लवकर, म्हणजे पहिल्या नऊ दिवसांत अँटिबायोटिक सुरू केलं तर तो टळतो. म्हणजे तुमच्या फॉर्मच्या भीतीने घशाचा साधा पेशंट दवाखान्याबाहेर राहिला तर त्यातून काही वर्षांनी तुमच्याकडे हृदयाच्या झडपेचा क्लेम येणार. रिस्क कमी करायची म्हणून प्रश्न विचारलात आणि रिस्क वाढवून ठेवलीत. तुमच्या गणितवाल्यांनी हे कुठल्या रकान्यात धरलंय कुणास ठाऊक.

तर माझं मागणं फार नाही. फॉर्मवर घशाचं विचारायचंच असेल तर आठवडाभरात पूर्ण बरी झालेली सर्दी, घसा, खोकला सांगायची गरज नाही असं एक वाक्य छापा. काही कंपन्या छापतात म्हणे, मग बाकीच्यांना काय अडचण आहे. कोडमध्ये क्रॉनिक दिसलं तर त्यावर निर्णय घ्यायच्या आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दोन ओळी मागवा, खर्च अर्जदाराकडून घ्या हवं तर. आणि वगळायचंच असेल तर आजाराचं नाव लिहून वगळा, किती काळ ते लिहा, आणि इतकी वर्षं त्रास नाही झाला तर पुन्हा बघू असं लिहा. कायमस्वरूपी हा शब्द इतका स्वस्त करू नका.

आणि हो, आमच्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकलं. मी आमच्या डॉक्टरांना सगळा प्रकार सांगितला, ते आधी हसले, मग गप्प झाले. आता यादीतला क्रॉनिकवाला कोड क्लिक केला की मी मान वर करून विचारते, “डॉक्टर, नक्की क्रॉनिक?” दहातल्या नऊ वेळा ते नाही म्हणतात. त्यांनी माझ्या जुन्या नोंदीबद्दल लेखी पत्र दिलं की तो कोड चुकीने पडला, तपासणीत जुनाट सुजेचं कुठलंही लक्षण नव्हतं, त्यानंतर दीड वर्षात घशाची एकही तक्रार नाही. ते पत्र मी न केलेल्या सहीच्या कागदासोबत पाठवलंय. पाच आठवडे झाले. कस्टमर केअरला फोन केला की तिथली मुलगी फार गोड बोलते, म्हणते फाइल अंडररायटिंगकडे आहे, आणि परवा तर तिचाच आवाज बसला होता.

तुमची,
काउंटरवाली